बराकाच्या कपावरची ताटली

फादर पास्कल, मी आज जो काही आहे तो कुणामुळे, असं कुणी विचारलं तर मी तुमचं नाव घेतो. आई शेजारी बसलेली असली तरी घेतो. तिला त्याचं वाईट वाटत नाही. "मी नुसता जन्माला घातला, माणसात त्यांनी आणला," असं तीच पुनावळ्याच्या आमच्या सोसायटीतल्या बायकांना सांगत असते.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. टांझानियात, फादर होऊ पाहणाऱ्या मुलांना तुम्ही जिथं शिकवत होतात त्या सेमिनरीच्या मागं, आंब्याखालच्या लाल मातीत तुम्हाला ठेवलं. ते मी मोबाइलवर पाहिलं. पहिली मूठ तुमच्या तिथल्या विद्यार्थ्यानं, बराकानं टाकली. खरं तेच लिहायचं, असं तुम्ही शिकवलंत म्हणून लिहितो. ती मूठ पडली तेव्हा डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात आलं, पहिली मूठ यानंच का?

तुमच्या सेवेबद्दल, त्यागाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला एका ताटलीबद्दल लिहायचं आहे. तिच्यापर्यंत पोचायला थोडं मागं जावं लागेल.

पाचवीत आईनं मला तुमच्या बोर्डिंगमध्ये आणून सोडलं. वडील नव्हते. ती एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची आणि कँटीनच्या मागच्या खोलीतच राहायची. पहिले दोन दिवस मी जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही तुमचं ताट घेऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसलात. माझं भरलेलं ताट समोर दिसत असूनही विचारलंत, "दत्तू, जेवलास का?"

मी म्हणालो, "हो."

"बरं झालं. मग हे ताट कुणाचं तरी उरलेलं दिसतंय. मला एकट्याला दोन संपायची नाहीत. हातभार लाव."

तेव्हापासून तुमचं माझ्याशी पहिलं वाक्य तेच. दहावीचा निकाल लागला तेव्हा तेच, आयटीआयला नंबर लागला तेव्हा तेच. चाकणला कंपनीत पहिली रात्रपाळी करून मी बाहेर आलो आणि तुम्हाला फोन लावला, तेव्हाही टक्के, पगार, सुपरवायझर या सगळ्याच्या आधी तेच. वसतिगृहात साठ मुलं होती. बाकी कुणाला तुम्ही हे विचारत नव्हतात. मी लक्ष ठेवून होतो.

नववीत मी तुम्हाला एक गोष्ट विचारली होती. तुम्ही भूमितीच्या वह्या तपासत होतात. मी म्हणालो, "फादर, मला तुमच्यासारखं फादर व्हायचंय."

तुम्ही चष्मा काढलात. "तुझ्या आईला विचारलंस?"

"नाही."

"विचारू नकोस. ती उलथनं घेऊन स्टँडवरून इथपर्यंत पळत येईल, आणि ते मला बसेल." मग हसू आवरून म्हणालात, "तू जसा आहेस तसा मला पुरेसा आहेस. आधी प्रमेय नीट लिही."

मी प्रमेय लिहिलं. पण मनात राहून गेलं, की तुमच्याजवळ जाण्याचा एक रस्ता आहे आणि तो माझ्यासाठी नाही. तुम्ही मला फसवलं नाहीत, ओढलंही नाहीत. माझ्या आईचा देव तुम्ही तिच्याकडेच राहू दिलात. लोकांना मी हे अभिमानानं सांगतो. आतून मात्र वर्षानुवर्षं वाटायचं, एकदा तरी ओढायचं होतं.

मग तुमची बदली देहूरोडला झाली आणि माझं नशीब उघडलं. मी तेव्हा चाकणला कंत्राटी कामगार होतो, एका खोलीत पाच जण. रविवारी सुट्टी मिळाली की मी देहूरोड गाठायचो. चर्चमधली तुमची रविवारची प्रार्थना, ती मिस्सा, संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसायचो. तुमचा वॉचमन आत जाऊन सांगायचा, "फादर, तुमचा तो हिंदू आलाय." मग चहा, ग्लुकोजची बिस्किटं आणि डिग्रीचा अभ्यास. नोकरी करत संध्याकाळच्या कॉलेजात जायचं, हे खूळ तुमचंच. माझं इंग्रजी तुम्ही लाल शाईनं तपासायचात. मी थकून म्हणायचो, "फादर, आयटीआयवाल्यांना पण चांगला पगार मिळतो." तुम्ही म्हणायचात, "पगार मिळेल रे. तुझ्या घराण्यात एक तरी माणूस काळ्या झग्यात फोटो काढू दे."

तो फोटो काढला तेव्हा तुम्ही आफ्रिकेत होतात.

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. निघायच्या आधीच्या रविवारी मी म्हणालो होतो, "इथं काय कमी आहे? देहूरोडला मुलं नाहीत का?" तुम्ही म्हणालात, "तिथं फादर व्हायला मुलं खूप आहेत आणि शिकवायला माणसं कमी आहेत. आणि इथलं माझं काम झालंय. तू पायावर उभा आहेस." मी म्हणालो, "माझं काही झालेलं नाही." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करून चहा ओतत राहिलात.

पत्रांचा नियम तुमचा होता. "फोनवर माणूस गोड खोटं बोलतो. कागदावर खोडाखोड दिसते." म्हणून आपण पत्रंच लिहिली. बोर्डिंगच्या सवयीनं मी आधी कच्चं लिहायचो, मग पक्कं. तुमच्या तिसऱ्या पत्रात बराका आला. बारा किलोमीटर सायकल हाणत येतो, लॅटिन पटकन शिकतो, आई तळ्याकाठी मासे विकते. आईला मी पत्र वाचून दाखवलं तर ती खुशीत म्हणाली, "बराका म्हंजे आपली बरकतच की! चांगलं नाव हाय पोराचं." मला त्यात काही चांगलं दिसलं नाही. एका पत्रात मी मोजलं. त्याचं नाव अकरा वेळा होतं. माझं एकदा, पाकिटावर.

माझ्या लग्नाला तुम्ही आला नाहीत. त्याच आठवड्यात त्याची डीकनची दीक्षा होती. फादर होण्याआधीची ती पायरी, आणि तुम्ही तयार केलेल्यांपैकी तोच पहिला, म्हणून तुम्हाला जागचं हलता येत नव्हतं. माझ्या हळदीच्या दिवशी तुम्ही पाठवलेला फोटो आला. पांढऱ्या झग्यातला तो, वेदीसमोर जमिनीवर पालथा पडलेला, कपाळ फरशीला लावून. खाली तुम्ही लिहिलं होतं, "बघ, किती शांत पडलाय." लग्नानंतर मी तो सुनीताला दाखवला. नवी नवरी, पण तिनं लगेच ओळखलं. म्हणाली, "अहो, हा बराका म्हणजे तुमची सवतच की."

त्यानंतर वर्षभरानं ते पत्र आलं. बराकाची गुरुदीक्षा ठरली होती. तो आता फादर होणार होता. तुम्ही लिहिलंत, "नव्या फादरला मिस्सेचा कप नि त्यावरची ताटली घरचे लोक देतात. याच्या घरी ते जमणार नाही. विकतचा मिळेल, पण मला वाटतं, तो तू करावास. माझ्या एका मुलानं दुसऱ्यासाठी."

दुसऱ्यासाठी. या शब्दावर मी अडलो. पहिला कोण आणि दुसरा कोण, ते तुम्ही लिहिलं नव्हतं.

तरी मी कप केला. चाकणला आमच्या कंपनीच्या मागच्या गल्लीत बाळूनानांचं धातू कातायच्या लेथचं दुकान आहे. ते राजगुरुनगरकडचे जुने शेतकरी, जमीन कंपनीत गेली तेव्हा त्यांनी मशीन घेतलं. कप स्टीलचा, ताटली पितळेची, दोन्हींना सोन्याचं पाणी. ताटलीच्या तळाला एक गोल कड ठेवली, ती कपाच्या तोंडात बसायची. मी तिचं माप इतकं बारीक मागितलं, की नानांनी मशीन बंद केलं.

"काय रं दत्ता, देवाचा पेला हाय म्हणतोस, मंग एवढी मापं कशाला? देव काय मायक्रोमीटर घेऊन बसलाय व्हय?"

"बसू द्या नाना. ताटली हलायला नको."

"तिकडं ऊन किती आसतं?"

"असतं की. आफ्रिका आहे."

"मंग आइक. पितळ स्टीलपरीस जास्ती फुगतं. हितं थंडीत गुळगुळीत बसंल, तिकडं उन्हात आडकून बसंल. वाईच ढिली ठिवू."

मी म्हणालो, "न्हाई नाना. चालंल."

फादर, कंपनीत माझं कामच मापं तपासायचं. फॅमिली डेला तुम्ही आमच्या मापाच्या खोलीत आला होतात, आठवतं? तुम्ही कुडकुडत विचारलंत, इतकी थंडी का रे ठेवता? मी फुशारकीनं सांगितलं होतं, "इथं कायम वीस डिग्री असतात. उन्हात धातू फुगतो, थंडीत आकसतो. कुठल्या गर्मीत मोजलं ते ठरलं नाही तर माप खोटं." तुम्ही म्हणालात, "म्हणजे हा तुमचा गाभारा." म्हणजे मला माहीत होतं. नानांना माहीत होतं त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. ताटली कपावर ठेवली की ती हवेवर तरंगत खाली जायची आणि हलका टक आवाज व्हायचा. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. आणि ते बिघडेल हे जाणून केलं होतं.

तुमच्या ओळखीच्या एक सिस्टर तिकडं निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर कप गेला.

दीक्षेचा दिवस आम्ही तिघांनी पुनावळ्यात जेवणानंतर मोबाइलवर पाहिला. चर्चमध्ये माणसं मावणार नाहीत म्हणून विधी शाळेच्या मैदानावर होता. बायकांनी बराकाच्या वाटेवर आपली रंगीत लुगडी अंथरली होती. कुणी बकरी आणली होती, कुणी कोंबड्या. तो पुन्हा पालथा पडला. बिशपांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले, मग ओळीनं सगळ्या फादरांनी. तुमची पाळी आली तेव्हा तुमचे हात इतरांपेक्षा जास्त वेळ राहिले. सुनीता म्हणाली, "नका बघू." मी बघत राहिलो. मग त्याच्या तळव्यांना तेल लावलं आणि बिशपांनी कप नि ताटली त्याच्या हातात दिली. सकाळपासून ती टेबलावर उन्हात होती.

पुढं वेदीवर त्यानं ताटली उचलायला हात घातला. ताटलीबरोबर कपही वर आला.

त्यानं हलकेच फिरवून पाहिली. निघाली नाही. शेजारच्या फादरांनी पाहिली. आई पुटपुटली, "आगं बाई, पोराचं नाक कापलं गेलं की." आणि मला, फादर, आनंद झाला. दोन सेकंद असेल, तीन असेल. पण तो आनंदच होता, त्याला दुसरं नाव देता येणार नाही.

मग तुम्ही दिसलात. झगा सावरत मागच्या बाजूला पळालात आणि सरबताच्या बाटल्या थंड करायला आणलेला बर्फ कुणाच्या तरी लुगड्यात बांधून घेऊन आलात. तो ताटलीवर ठेवलात. तेवढा वेळ बराका कप छातीशी धरून उभा होता, लहान मूल धरावं तसा. तो ओशाळला नाही. त्याची आई गायला लागली, मग सगळं मैदान. पितळ आकसलं, ताटली निघाली. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा असा आवाज काढला, की मोबाइलचा स्पीकर खरखरला. माझी आई टाळ्या वाजवत होती.

महिन्याभरानं तुमचं पत्र आलं. "दत्तू, तुझं माप इतकं अचूक, की देवालासुद्धा थांबावं लागलं. सगळे विचारतात, हे काम कुणाचं? मी सांगतो, माझ्या मुलाचं." आणि सगळ्यात खाली, सहीनंतर, एकच ओळ होती. "तुमच्या त्या खोलीत वीसच डिग्री असतात ना रे?"

तुम्ही ओळखलं होतंत. मी उत्तरात लिहिलं, "हो, वीसच. नजरचूक झाली." पुढच्या प्रत्येक पत्रात तुम्ही बाकी सगळं लिहून शेवटी लिहायचात, "बराका अजून ताटली ओल्या फडक्यानं काढतो. आम्ही तिला कानस लावलेली नाही." सात पत्रं. नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "आरं, दोन मिन्टाचं काम हाय. घासत का न्हाईत?" का घासत नाहीत ते मला कळत होतं. शेवटी मी खरं काय ते लिहिलं. एका रविवारी सकाळी बसलो, चार वेळा कच्चं केलं, मग पक्कं, आणि पोस्टात टाकलं. उत्तराची वाट बघत होतो.

अठरा दिवसांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत, कँटीनच्या रांगेत असताना परदेशातला नंबर आला. पलीकडून जाड, अनोळखी आवाज. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलला,

"दत्तू. जेवलास का?"

तो बराका होता. पुढचं तो इंग्रजीत बोलला. पहाटे झोपेत तुम्ही गेलात, हृदय थांबलं, त्रास झाला नाही. आणि हे ऐकल्यावर मी त्याला पहिला प्रश्न काय विचारला असेल? शेवटी काय म्हणाले, असं नाही. तू काही खाल्लंस का, झोपलास का, असं तर नाहीच. मी विचारलं, "हे वाक्य तुला कुणी शिकवलं?" इतक्या वर्षांचं सगळं त्या प्रश्नात होतं, आणि त्यालाही ते ऐकू गेलं असणार.

तो म्हणाला, "फादरनी. पण शेवटच्या आठवड्यात. तुझं पत्र आलं तेव्हा. त्यांनी ते दोनदा वाचलं. मी विचारलं, काय लिहिलंय? म्हणाले, ते माझ्यात आणि दत्तूत आहे, तुला सांगणार नाही. मग त्यांनी मला हे वाक्य पाठ करायला लावलं. रोज सकाळी म्हणवून घ्यायचे. माझा उच्चार त्यांना पसंत पडायचा नाही. मला अर्थ सांगितला तेव्हा मी म्हणालो, फादर, तुम्ही मला हे कधीच विचारत नाही. तर म्हणाले, नाही, तुला नाही विचारणार. तू हे त्याला विचारायचं, मी नसेन तेव्हा."

रांग पुढं सरकली होती. मागच्यानं खांद्याला हात लावला, "चला की राव." मी बाजूला झालो.

बराका म्हणाला, "आणखी एक. इतके दिवस ते ताटलीला कानस लावू देत नव्हते. पत्र वाचल्यावर म्हणाले, आता घास. किती घासायची? तर म्हणाले, दत्तूला विचार."

मी त्याला माप सांगितलं. केसाच्या निम्म्याइतकं. कानस नको, बारीक पॉलिश पेपर घे, आणि बसते का ते सकाळी बघू नकोस, भर दुपारी बघ. त्यानं ते लिहून घेतलं. नंतर तो पुन्हा म्हणाला, "जेवलास का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी अजून उत्तर दिलेलं नाही.

पत्राची पक्की प्रत त्यानं तुमच्या हातात ठेवून तुमच्याबरोबर पुरली, न वाचता. माझ्याजवळ कच्ची आहे. मराठी त्याला येत नाही. मी ही प्रत इंग्रजीत करून त्याला पाठवणार आहे. तुम्ही आपल्या दोघांत ठेवलेली ती एकच गोष्ट होती आणि ती एकट्यानं जपून ठेवायचा मोह मला अठरा दिवस झाला. पण तोही तुमचाच मुलगा, आणि त्याला माहीत नसताना त्याच्या फोनला उत्तर देणं मला जड जाईल. खोडाखोड सोडून, पत्र असं होतं.

तीर्थरूप फादर यांस,
दत्तूचा साष्टांग नमस्कार.

आई बरी आहे. सुनीताला दिवस गेले आहेत, आईनं आत्ताच कुणाला सांगू नको म्हटलंय, पण तुम्हाला सांगतो.

तुम्ही सात पत्रांत जे विचारलं नाहीत त्याचं उत्तर देतो. नजरचूक नव्हती. पितळ उन्हात फुगेल हे मला माहीत होतं. नानांनी सांगितलंसुद्धा होतं. मी ऐकलं नाही. सगळ्यांसमोर त्याची ताटली अडकावी असं मला वाटत होतं, आणि अडकली तेव्हा बरं वाटलं. नंतर तो कप छातीशी धरून उभा राहिला. मी त्याच्या जागी असतो तर कप खाली ठेवून पळालो असतो. म्हणून तो फादर आहे, आणि तुम्ही नववीत मला नाही म्हणालात ते बरोबर होतं.

ताटलीची कड केसाच्या निम्म्यानं कमी करा. म्हणजे दुपारीसुद्धा सुटेल.

तुम्ही माझ्या लग्नाला आला नाहीत याचा राग आहे. डिग्रीच्या फोटोत नव्हतात याचा आहे. इथलं काम झालं असं म्हणालात त्याचा सगळ्यात जास्त आहे. पण तुमच्यामुळे मी राग लिहून काढू शकतो, नाहीतर आमच्यात तो भांड्यांवर काढतात.

त्याला सगळं द्या. तुमची पुस्तकं, तुमची सायकल, तुमचं आडनाव लावायचं म्हणाला तर तेही द्या. मी मनापासून म्हणतोय, म्हणजे निम्म्या मनापासून तरी. एकच मागणं आहे, ते पोरकट आहे, पण खोडत नाही. तो उपाशी असला तर त्याला वाढा, शेजारी बसून खाऊ घाला. फक्त "जेवलास का" हे त्याला विचारू नका. तेवढं माझं राहू द्या.

तुमचा,
दत्तू